कर्जखतामागचा हिशेब



जगाच्या अर्थव्यवहाराचं नियमन, या आजच्या विषयाच्या पत्रिकेत नावं येतात ती वॉशिंग्टन, जिनिव्हा आणि बाझल या शहरांची. मी सुरुवात करणार आहे सुप्यापासून. आज बारामती तालुक्यात असलेलं हे बाजाराचं गाव १८७५ साली पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यात होतं. त्या वर्षी १२ मे रोजी आजूबाजूचे शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जखतं. जिथे खतं हवाली झाली, तिथे ती जाळून जमाव बहुतेक ठिकाणी परत फिरला. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात.

ही आग पेटली त्याच्या चौदा वर्षं आधी तिचं सरपण अमेरिकेत रचलं गेलं होतं. १८६१ साली तिथे यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या पेढ्यांनी सावकाराला आणि सावकाराने शेतकऱ्याला हात सैल सोडून पैसे दिले. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि वरून खालपर्यंत सगळ्यांनी हात आखडला. त्याच सुमारास नव्या जमाबंदीत शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साधं कर्जखत तीन वर्षांपुरतंच चालायचं. हेतू कुळाला दिलासा देण्याचा होता. झालं असं, की दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेऊ लागला. मूळ उचल किती आणि फेडले किती, हे सांगणारं जुनं खत रद्द होई. कोर्टात पोचायचा तो फक्त शेवटचा कागद, आणि कोर्ट त्या कागदावरचा अंगठा बघून हुकूमनामा देई.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. न्यायाधीशाने कर्जखतावर थांबू नये, त्याच्या मागे जावं, व्यवहार पहिल्यापासून उलगडावा आणि खरं देणं किती उरलं ते ठरवावं. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना नियम होताच: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये. धनकोलाही मर्यादा असते, ही जाणीव आपल्या व्यवहारात मुरलेली होती. १८७९ च्या कायद्याने तिला चौकशीचा अधिकार असलेला न्यायाधीश मिळवून दिला.

आज मला एवढंच मांडायचं आहे. जगाच्या अर्थव्यवहाराचं नियमन करायला गेल्या ऐंशी वर्षांत आपण मोठ्या संस्था उभ्या केल्या. त्या हव्यात, आणि त्यांच्यावाचून दुबळ्यांचे हाल अधिक होतील, असं मी मानतो. पण कर्जखताच्या मागे जाणारा तो न्यायाधीश त्यांच्यात अजून आलेला नाही. त्यामुळे नियम ऋणकोला बांधतात आणि धनको मोकळा राहतो.

हे काही नजरचुकीने घडलं नाही. ज्या खोलीत ते ठरलं, त्या खोलीत आपला माणूस बसला होता.

चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो प्रामुख्याने मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा बाणेदार माणूस म्हणून, आणि मेघदूताचं मराठी करणारा संस्कृतज्ञ म्हणून. आजचं व्याख्यान त्यांच्या स्मृतीला वाहिलेलं आहे, म्हणून त्यांच्या आयुष्यातले कमी बोलले जाणारे तीन आठवडे मी तुमच्यापुढे ठेवतो. १ ते २२ जुलै १९४४. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वूड्स इथल्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले होते. दुसरं महायुद्ध अजून संपलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची घटना तिथे लिहिली गेली. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य सर जेरेमी राइसमन होते. त्यांच्याबरोबर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते आणि मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ होते.

परिषदेपुढे मुख्य पेच असा होता: देशादेशांतला व्यवहार असमतोल झाला, एकाकडे तूट आणि दुसऱ्याकडे वाढावा साचला, तर दुरुस्ती कोणी करायची? ब्रिटनचे जॉन मेनार्ड केन्स यांची आधीच्या दोन वर्षांतली योजना विलक्षण होती. सगळ्या देशांची खाती एका आंतरराष्ट्रीय समाशोधन संघात असावीत, हिशेब बँकॉर नावाच्या नाण्यात व्हावा, आणि खात्यातली बाकी ठरलेल्या कोट्याच्या पाव भागावर गेली की वरच्या रकमेवर वर्षाला एक टक्का आकार बसावा, निम्म्यावर गेली की आणखी एक टक्का. बाकी येणे असो वा देणे, आकार दोघांना. अति उधार घेणारा जितका व्यवहार बिघडवतो, तितकाच सगळं विकून काहीच विकत न घेणाराही बिघडवतो, हा त्यामागचा विचार. अर्थशास्त्राच्या भाषेतली ही दामदुप्पटच म्हणा.

ती योजना टिकली नाही. १९४४ साली जगाचा धनको एकच होता, अमेरिका, आणि धनकोने स्वतःवर आकार बसवून घ्यायला नकार दिला. नाणेनिधी उभा राहिला तो अमेरिकेच्या हॅरी डेक्स्टर व्हाइट यांच्या आराखड्यावर. एक आठवण मात्र घटनेत उरली: एखाद्या देशाचं चलन जगात दुर्मीळ झालं, तर इतरांना त्या चलनाच्या व्यवहारांवर बंधनं घालता येतील, असं कलम. ते आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही.

आता याच हॉटेलातली दुसरी गोष्ट ऐका, कारण तिच्यामुळे प्रश्न आणखी स्पष्ट होतो. भारत त्या वेळी धनको होता. युद्धात ब्रिटनने भारतातून धान्य, कापड, सैन्याचं सामान उचललं आणि मोबदला म्हणून लंडनमध्ये भारताच्या नावे पौंड जमा केले. ही रक्कम युद्धाच्या अखेरीस १३०० दशलक्ष पौंडांच्या घरात गेली. देशात रुपये छापून हा माल उचलला गेला, महागाई भडकली आणि १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली. लंडनच्या खात्यातला एकेक पौंड आपल्या ताटातून गेला होता.

भारतीय प्रतिनिधींची मागणी माफक होती: या अडकलेल्या रकमेचा काही भाग तरी डॉलरसारख्या चलनात मोकळा करण्याची सोय नाणेनिधीत असावी. श्रॉफ यांनी त्या सभेत सांगितलं, की बँकेत दहा लाख डॉलर असूनही टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे नसलेल्या माणसासारखी आमची गत आहे. ब्रिटन आणि अमेरिका दोघांनी मागणी फेटाळली. धनकोवरही जबाबदारी टाकू पाहणाऱ्या केन्स यांनीच सांगितलं, की हा आमचा आणि भारताचा आपसातला प्रश्न आहे आणि आम्ही तो सन्मानाने सोडवू. युद्धातून निर्माण झालेल्या देण्यांचा निपटारा हे आपलं काम नव्हे, असं नाणेनिधीच्या घटनेतच लिहिलं गेलं. पुढे १९४९ साली पौंडाचं ३० टक्के अवमूल्यन झालं आणि उरलेल्या शिलकेची डॉलरमधली किंमत तेवढ्याने घटली.

म्हणजे भारत धनको असून बांधला गेला आणि ब्रिटन ऋणको असून सुटला. नियम बांधतो तो ज्याला मेजावरून उठून जाता येत नाही त्याला. बहुतेक वेळा तो ऋणको असतो, एवढंच.

देशमुख तिथून रागावून परतले नाहीत, याचं मला मोल वाटतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक कलम वाचलं. अविकसित देशांची साधनसंपत्ती कामी लावण्याचा उल्लेख नाणेनिधीच्या उद्दिष्टांत असावा, असा आग्रह धरला. तो तसाच्या तसा मान्य झाला नाही, पण सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास, हे शब्द पहिल्याच कलमात आले. भारताला ४०० दशलक्ष डॉलरचा कोटा मिळाला. सोव्हिएत संघ निधीत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत गेला आणि पारतंत्र्यात असतानाच संचालक मंडळात त्याची खुर्ची पक्की झाली. सहाच वर्षांनी, १९५० साली, पॅरिसला दोन्ही संस्थांच्या संयुक्त वार्षिक सभेचं अध्यक्षपद देशमुखांनी भूषवलं. हरलेल्या डावातही मेज सोडायचं नाही आणि कागद दुसऱ्याला वाचू द्यायचा नाही, हे त्यांनी शिकवलं.

या संस्थांकडे पोलीस नाहीत, फौज नाही. मग त्या देशांना वळवतात कशा? नाणेनिधीची ताकद गरजूला पैसा देण्यात आहे, कारण पैशाबरोबर अटी येतात. जागतिक व्यापार संघटनेची ताकद बाजाराचं दार उघडं ठेवण्यात किंवा अडवू देण्यात आहे. बँकांवरच्या देखरेखीची मानकं ठरवणाऱ्या बाझलच्या समितीची ताकद नावलौकिकात आहे. जर्मनीतली हेरस्टाट बँक १९७४ साली बुडाल्यावर ही समिती स्थापन झाली. तिने सुचवलेलं भांडवलाचं प्रमाण कोणत्याही कराराने बंधनकारक नाही, तरी ते न पाळणाऱ्या देशाच्या बँकांशी जग जपून व्यवहार करतं, म्हणून सगळे पाळतात. तिन्ही ठिकाणी जोर गरजेतून येतो. ज्याची गरज मोठी, त्याच्यावर नियम कडक.

१९९१ चा जुलै आठवा. आखाती युद्धाने तेल महागलं होतं, अनिवासी भारतीयांच्या ठेवी बाहेर चालल्या होत्या, आणि परकीय चलन उरलं होतं दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला गहाण गेलं. घरातला दागिना सावकाराकडे जाताना घरात जी शांतता पसरते, ती त्या महिन्यात देशभर होती. नाणेनिधीने कर्ज दिलं आणि अर्थव्यवस्था सावरली. त्या वेळच्या सुधारणांपैकी अनेक आपल्याला स्वतःहूनही करायच्या होत्या, हेही खरं. निधी नसता तर आपण सरळ दिवाळखोरीत गेलो असतो. हे मान्य केल्याशिवाय त्याच्यावर टीका करण्याचा अधिकार मिळत नाही.

सहा वर्षांनी दक्षिण कोरियावर तीच पाळी आली. डिसेंबर १९९७ मध्ये नाणेनिधीशी करार झाला. व्याजदर चढले, कारखाने बंद पडले, आणि १९९८ च्या सुरुवातीला लाखो कोरियन माणसांनी रांगा लावून लग्नातल्या अंगठ्या, मुलांच्या वाढदिवसाची वळी देशासाठी दिली. सुमारे २२७ टन सोनं गोळा झालं. त्याच जानेवारीत परदेशी बँकांनी कोरियन बँकांना दिलेली अल्पमुदतीची कर्जं लांबणीवर टाकण्याचं ठरलं आणि त्यांना कोरियन सरकारने हमी दिली. ही कर्जं देताना त्या बँकांनी जोखमीचं व्याज घेतलं होतं. जोखीम प्रत्यक्षात आली तेव्हा ती जनतेच्या डोक्यावर गेली. या कर्जाच्या मागे जाऊन, देणाऱ्यानेही डोळे झाकून दिलं का, असं विचारायला कोणी नव्हतं.

ग्रीसच्या बाबतीत हे खुद्द नाणेनिधीने कबूल केलं. २०१० च्या मदतीचं मूल्यमापन त्याने २०१३ साली प्रसिद्ध केलं. कर्जाची फेररचना लवकर झाली असती तर बरं झालं असतं, आणि ती लांबल्यामुळे खाजगी धनकोंना अंग काढून घेता आलं, असं त्यात नोंदलेलं आहे. आपली चूक छापून जगापुढे ठेवणारी संस्था सुधारू शकते. म्हणून मी तिच्याविषयी निराश नाही.

निधीच्याच माणसांनी एकदा आपल्या १८७९ च्या कायद्यासारखं काही करून पाहिलं होतं. उपव्यवस्थापकीय संचालक अॅन क्रूगर यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये प्रस्ताव मांडला: कंपनीला असतो तसा दिवाळखोरीचा विधिवत मार्ग देशालाही असावा, धनकोंच्या बहुमताने ठरलेली तडजोड सगळ्यांना बांधील असावी, आणि वाद सोडवायला एक पीठ असावं. २००३ पर्यंत तो बारगळला. अमेरिका राजी नव्हती, आणि निधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, त्यांपैकी अमेरिकेची एकटीची साडेसोळा आहेत.

पुढे काय झालं ते अर्जेंटिनाला विचारा. २००१ च्या अखेरीस तो देश बुडाला. सुमारे ९३ टक्के रोखेधारकांनी दोन टप्प्यांत तडजोड मान्य केली. काही फंडांनी मात्र पडत्या भावात घेतलेले रोखे हाती धरून न्यूयॉर्कच्या कोर्टात पूर्ण दर्शनी रक्कम आणि व्याज मागितलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं ‘लिबर्ताद’ हे शिडाचं प्रशिक्षण जहाज घानाच्या तेमा बंदरात उभं असताना अशाच एका फंडाने ते अडकवून ठेवलं. कुळाच्या गोठ्यातून बैल सोडून न्यावा, तसं. हॅम्बुर्गच्या सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने डिसेंबरमध्ये जहाज सोडायचा हुकूम दिला. युद्धनौकेला हात लावता येत नाही, असा नियम होता, तो लावणारं न्यायपीठ होतं, म्हणून जहाज सुटलं. रोख्यांना तसं पीठ नव्हतं. २०१६ साली अर्जेंटिनाने चार मोठ्या फंडांना ४६५ कोटी डॉलर मोजले.

न्यायपीठाचं मोल आपल्याला कळलं पाहिजे, कारण आपणही त्याच्याशी नीट वागलो आहोत असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. जागतिक व्यापार संघटना १९९५ साली सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे सात सदस्यांचं अपील मंडळ होतं. छोट्या देशाने महासत्तेविरुद्ध दावा लावावा आणि जिंकावा, असं तिथे घडत होतं. नेमणुका एकमताने होतात. अमेरिकेने त्या अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून मंडळ ठप्प झालं. दोन वर्षांनी आपल्या उसाचा निकाल आला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर तज्ज्ञ मंडळाने म्हटलं, की २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताचा ऊस उत्पादकांना दिलेला आधार एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडून गेला. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कारखाने देतात, सरकार देत नाही, हा आपला युक्तिवाद फेटाळला गेला. भारताने त्यावर अपील केलं. अपील ऐकायला माणूस नाही, त्यामुळे निकाल लागू होत नाही.

कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला यात तात्पुरता दिलासा आहे, आणि त्याच्या घामाच्या दरासाठी भांडलंच पाहिजे. पण रिकाम्या खुर्चीने मिळालेला दिलासा उद्या आपल्या विरुद्ध उभा राहील. आपल्या कापडावर, आपल्या औषधांवर एखाद्या बलाढ्य देशाने मनमानी कर लादला, तर आपण कोणाच्या दारी जाणार? मोकळ्या रानात बलवानाचंच चालतं. म्हणून ते पीठ पुन्हा भरावं यासाठी सर्वांत मोठा आवाज आपला असायला हवा, उसाचा खटला हरण्याची जोखीम पत्करूनही.

आता शेवटचा मुद्दा. भारत पुन्हा एकदा धनको झाला आहे. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली. त्या वर्षात भारताने तिला सुमारे ४०० कोटी डॉलरचा हात दिला. जानेवारी २०२३ मध्ये कर्जाची फेररचना करायला आपण तयार आहोत, अशी हमी नाणेनिधीला देणारा पहिला धनको भारत होता. मार्चमध्ये निधीचं कर्ज मंजूर झालं. धनकोंच्या समितीचं सहअध्यक्षपद फ्रान्स आणि जपान यांच्याबरोबर भारताने घेतलं. मला ही गेल्या काही वर्षांतली आपल्या आर्थिक मुत्सद्देगिरीतली फार अभिमानाची गोष्ट वाटते. पण ती एका शेजाऱ्यापुरती, त्या वेळेपुरती चांगुलपणाची गोष्ट राहिली. झांबिया नोव्हेंबर २०२० मध्ये बुडाला, आणि जी-२० ने कर्जाच्या फेररचनेसाठी आखलेल्या सामायिक चौकटीतून जायला त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढ्या काळात तिथल्या शाळा आणि दवाखाने थांबून राहिले नसतील का? कुळाचं नशीब सावकाराच्या स्वभावावर सोडू नये, म्हणूनच कायदा लागतो.

एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो १८७९ सालीही घेतला गेला होता. धनकोला फार बांधलं तर तो कर्जच देणार नाही. आक्षेप खोटा नाही. कायद्यानंतर सावकार हात आखडते झालेच. त्यावर या देशाने शोधलेलं उत्तर १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यात आहे: धनकोला मर्यादा घाला आणि त्याच्याबरोबर कर्जाचा दुसरा झराही मोकळा करा. त्या झऱ्यावर एका सभासदाला एक मत होतं, मग त्याचे भाग कितीही असोत. नाणेनिधीत मत पैशाच्या वजनाने मिळतं. जगाची सतराअठरा टक्के लोकसंख्या असलेल्या भारताचं मत अडीच टक्क्यांच्या थोडं वर आहे. जागतिक बँकेचे आजचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म आपल्या पुण्याच्या खडकीतला, पण त्यांचं नाव सुचवलं अमेरिकेने, कारण ती खुर्ची अमेरिकेच्या पसंतीने भरते, ही प्रथा आहे. २०२१ साली निधीने ६५,००० कोटी डॉलरचे विशेष आहरण हक्क, म्हणजे गरजेला परकीय चलनात बदलून घेता येणारे हक्क, वाटले. वाटप कोट्याप्रमाणे झालं, आणि सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला त्यातले सुमारे २,१०० कोटी आले. साथीच्या वर्षात ज्याची चूल विझली होती, त्याला सगळ्यांत लहान पळीने वाढलं गेलं. जगातलं प्रत्येक मत समान व्हावं, असं मी म्हणत नाही. तसा निधी कोणी भरणार नाही. पण पैशाचं वजन आणि माणसांचं वजन यांत आजच्यापेक्षा न्याय्य मेळ बसवता येतो, हे सहकार पाहिलेल्या महाराष्ट्राने जगाला सांगायला हवं.

श्रोतेहो, देशमुख ब्रेटन वूड्सला गेले तेव्हा हातात धनकोचा कागद होता आणि देशाला स्वातंत्र्य नव्हतं. आज आपल्याकडे दोन्ही आहे. श्रीलंकेच्या वेळी जे आपण मनाने केलं, ते नियमात यावं, म्हणून आग्रह धरणं आपल्याला शोभेल: देश बुडाला की ठरलेल्या मुदतीत हिशेब उघडायचा, सर्व धनकोंनी एकाच मेजावर बसायचं, आणि ज्याने डोळे झाकून दिलं त्याने तोट्याचा वाटा उचलायचा. उद्या हा नियम भारताच्या येण्यावरही लागू होईल. तो स्वतःवर लावून घेणारा पहिला मोठा धनको आपण व्हावं. १९४४ साली अमेरिकेने नाकारलेली गोष्ट आपण मान्य केली, तर त्या हॉटेलातून मुख्य मागणी फेटाळली जाऊन परतलेल्या आपल्या माणसांचं ऋण थोडं फिटेल.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी खतं जाळली, कारण त्यामागचा हिशेब कोणी उघडत नव्हतं. चार वर्षांनी तो उघडण्याची सोय झाली. आज जगात कितीतरी देश अशाच खतांखाली दबलेले आहेत, आणि त्यांच्या बाजारातही एखादा १२ मे उगवू शकतो. हिशेब त्याच्या आधी उघडावा, एवढंच मागणं चिंतामणरावांच्या स्मृतीपुढे ठेवतो आणि थांबतो.